फीडबॅकचे गुण कोणाचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: ‘मी इंदूरच्या दोन खासगी महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवते. सात वर्षे झाली. सकाळी राऊच्या बाजूला नऊ लेक्चर्स आठवड्याला, दुपारी खंडवा रोडवर सात. सकाळच्या ठिकाणी लेक्चरमागे ३०० रुपये मिळतात, दुपारच्या ठिकाणी २५०. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांचे काही नाही. घरची तयारी, उत्तरपत्रिका आणि रात्री व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शंका धरून आणखी वीस तास सहज जातात. यंदा सकाळच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या फीडबॅकमध्ये मला पाचपैकी ३.१ गुण मिळाले, विभागातल्या कायम शिक्षकांना चारच्या वर. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य सर्वांदेखत म्हणाले, “पार्ट टाइमवाल्यांमुळे रिझल्ट बिघडतो.” घरी सासरे म्हणतात, हे सोड आणि घरीच ट्यूशन घे. माझे एम.ए. झाले आहे, सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पीएच.डी. नाही. मी खरेच वाईट शिकवते का? आणि सोडून द्यावे का? फीडबॅकच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.’ – सुदामा नगर, इंदूर येथील एक वाचक

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण कागदाची प्रत जोडलीत हे फार बरे केलेत, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या कागदातच आहे. मीटिंगमध्ये वाचला गेला तो शेवटचा आकडा, ३.१. त्याच्या वर आठ ओळी आहेत, त्या कोणी वाचल्या असे दिसत नाही. विषयाच्या ज्ञानाला ४.२, समजावून सांगण्याला ४.०, निष्पक्ष वागणुकीला ३.८ आणि वक्तशीरपणाला ३.६ असे गुण आहेत. वर्गात प्रश्न विचारायला मिळणाऱ्या वावाला २.८ आहेत. त्यानंतरच्या तीन ओळींत घसरण आहे: अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होणे २.४, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका वेळेवर परत मिळणे २.१, आणि वर्गाबाहेर शंकानिरसनासाठी उपलब्ध असणे १.९.

या शेवटच्या तीन ओळी बाजूला ठेवून उरलेल्या पाचांची सरासरी काढली, तर ती ३.६८ येते. ती उत्कृष्ट नसली, तरी ‘रिझल्ट बिघडवणाऱ्या’ शिक्षिकेची खचितच नाही. आणि त्या तीन ओळी कशाबद्दल आहेत ते पाहा. तिन्ही वेळेबद्दल आहेत, आणि तो वेळ महाविद्यालयाने आपल्याकडून विकत घेतलेलाच नाही. आपण लिहिले आहे की लेक्चर संपल्यावर एक मुलगी पार्किंगपर्यंत मागे आली आणि किंमत बदलली तर मागणीच्या वक्रावरच सरकायचे आणि उत्पन्न बदलले तर सगळा वक्रच का सरकतो, असे विचारत राहिली. आपण हेल्मेट हातात धरून स्कूटरच्या सीटवर वही ठेवली, दोन रेघा मारून दाखवल्या आणि दुसऱ्या कॉलेजचे लेक्चर चुकेल म्हणून निघालात. त्या मुलीने पुढे ‘उपलब्धता’ या रकान्यात काय भरले असेल, याचा अंदाज करता येतो, आणि तिने खोटे भरले असेही म्हणता येत नाही. तिला शिक्षिका खरोखरच उपलब्ध नव्हती. तरीही ते गुण आपल्या अध्यापनाच्या नावावर मांडणे हा हिशेबाचा घोटाळा आहे.

अभ्यासक्रमाच्या ओळीचेही तसेच. आपल्याला ‘लोकवित्त’ हा पेपर शिकवायचा आहे, हे सत्र सुरू होण्याच्या चार दिवस आधी कळले, आणि त्याआधी आपण तो कधी शिकवला नव्हता, असे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. नवा पेपर, जुने प्रश्नसंच हाताशी नाहीत, ग्रंथालयाचे कार्ड फक्त ‘स्टाफ’ला, आणि त्यावर सीसीईच्या, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाच्या चाचण्या, प्रोजेक्ट आणि त्यांच्या याद्या. नवे शैक्षणिक धोरण मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला लागू झाल्यावर अंतर्गत मूल्यमापनाचे आणि प्रोजेक्टचे काम किती वाढले आहे, हे महाविद्यालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते काम लेक्चरच्या हिशेबात कुठेच बसत नाही, म्हणून ते लेक्चरवाल्यांच्या अंगावर फुकट पडते.

आता पैशांचा हिशेब. दोन्ही ठिकाणचे मिळून आठवड्याला ४,४५० रुपये होतात. लेक्चरचे सोळा आणि घरचे वीस असे छत्तीस तास धरले, तर तासाला सुमारे १२४ रुपये पडतात, आणि त्यात पेट्रोल आणि दोन कॉलेजांमधला प्रवास धरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी लेक्चरमागे १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये, असे मानधन सुचवले होते. आपल्याच राज्यात सरकारी महाविद्यालयांतल्या अतिथी विद्वानांचे मानधन दिवसाला १,५०० वरून २,००० रुपये करण्याची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. खासगी संस्थांच्या व्यवहारावर यापैकी कशाचाच फारसा परिणाम दिसत नाही. तरीही हे आकडे आपल्याला माहीत असावेत, म्हणजे ३०० रुपयांना कोणी ‘बाजारभाव’ म्हटले तर मान डोलावावी लागणार नाही.

अर्धवेळ शिक्षकांमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते का, हा प्रश्न प्राचार्यांच्या एका वाक्यात निकाली निघण्याइतका सोपा नाही. अमेरिकेत याचा बराच अभ्यास झाला आहे, आणि निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो की, कायम पदाच्या वाटेवर नसलेल्या शिक्षकांकडे एखादा विषय पहिल्यांदा शिकलेले विद्यार्थी पुढे तोच विषय पुन्हा घेण्याची आणि त्यात चांगले गुण मिळवण्याची शक्यता जास्त होती. उलट, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांवरील (म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या सार्वजनिक महाविद्यालयांवरील) २००९ च्या एका अभ्यासात, अर्धवेळ शिक्षकांकडे जास्त वेळ शिकलेल्यांचे पदवीपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण थोडे घटलेले आढळले. हे दोन निष्कर्ष मला परस्परविरोधी वाटत नाहीत. नॉर्थवेस्टर्नमधले ते शिक्षक कायम नसले, तरी त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे त्याच विद्यापीठात, बहुधा पूर्ण वेळ शिकवणारे होते, आणि अध्यापन हेच त्यांचे मुख्य काम होते. कम्युनिटी कॉलेजमधला अर्धवेळ शिक्षक आपल्यासारखा, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणारा असतो. फरक माणसांच्या कुवतीत शोधण्याआधी त्यांच्या दिवसाच्या रचनेत शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणजे प्राचार्यांच्या वाक्यात तथ्य असलेच, तर त्याचा रोख त्यांच्या स्वतःच्या वेळापत्रकाकडे जातो.

फीडबॅकच्या आकड्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले यांचा संबंध तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचे २०१७ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा दोहोंत उल्लेखनीय नाते आढळले नाही. आपल्या कागदावर तर आणखी एक गोष्ट आहे: पट ११० चा आणि फॉर्म भरणारे ३४. बाकीच्या ७६ जणांचे मत कोणालाच माहीत नाही. नॅक या महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थी-समाधानाचे सर्वेक्षण असते, म्हणून महाविद्यालये अलीकडे हे फॉर्म उत्साहाने भरून घेतात. पण त्याच मूल्यांकनात शिक्षकसंख्या मोजताना गणना पूर्णवेळ शिक्षकांची होते. त्यामुळे शिक्षकांच्या तक्त्यात आपण नसता आणि तक्रारीच्या वेळी मात्र असता.

एवढे सगळे म्हटल्यावरही एक ओळ उरते, आणि ती आपली आहे. वर्गात प्रश्न विचारायला वाव, २.८. याचे खापर ना प्राचार्यांवर फोडता येईल, ना स्कूटरवर. पाठ पूर्ण करण्याच्या घाईत शिक्षक सलग बोलत जातो, घड्याळाकडे पाहतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत ‘कुछ पूछना है?’ म्हणतो, तेवढ्यात मागच्या बाकावरचे विद्यार्थी बॅगा उचलतात. आपला वर्ग असाच चालत असेल असा माझा तर्क आहे, कारण वेळेच्या तंगीत बहुतेकांचे वर्ग असेच चालतात. उपाय छोटा आहे. पन्नास मिनिटांच्या पिरियडमध्ये मधली सहा-सात मिनिटे काढून फळ्यावर एकच प्रश्न लिहावा, शेजारी बसलेल्या दोघांनी मिळून वहीत उत्तर लिहावे, आणि दोन-तीन जोड्यांना उभे करून ते वाचायला सांगावे. आपण जीएसटीचे उदाहरण देता तेव्हा छप्पन दुकानवर खाल्लेल्या पदार्थाचे बिल एखाद्याला मोबाइलवरून वाचायला लावा. कर कोणी भरला आणि तो कोणाच्या खिशातून गेला यावर मुले आपोआप भांडू लागतील, आणि करभाराचे संक्रमण शिकवायला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. सत्राच्या पाचव्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या घ्या: काय समजले नाही, आणि काय बदलावे. अशी चिठ्ठी हाती असली की सत्राअखेरचा फॉर्म आपल्याला अचानक गाठत नाही.

रात्रीचे व्हॉट्सॲप बंद करा. हे मी जरा आग्रहाने सांगतो आहे. अकरा वाजता एकेकाला उत्तर देण्यात आपली झोप जाते, वर्गातल्या उरलेल्या शंभर जणांना त्याचा काही उपयोग होत नाही आणि फॉर्ममधल्या ‘उपलब्धते’त त्याची नोंदही होत नाही, हे १.९ ने दाखवूनच दिले आहे. त्याऐवजी आठवड्यातून एक ठरलेला वार आणि ठरलेली वेळ जाहीर करावी, वेळापत्रकाशेजारी कागद चिकटवावा आणि शंका तेव्हाच घ्याव्यात. त्या वेळेचे पैसे महाविद्यालयाने द्यावेत, अशी मागणी करावी.

मागणी लेखी असावी आणि हिंदीत असावी, कारण आपल्या कार्यालयात फायली हिंदीत चालतात आणि इंग्रजी अर्ज ‘बाद में देखेंगे’ या ढिगात जातो. स्टाफ मीटिंगमधल्या अपमानाचा अर्जात उल्लेख नको. फीडबॅकची प्रत जोडून एवढेच लिहावे की, ज्या तीन बाबींत गुण कमी आहेत त्या सुधारण्याची माझी इच्छा आहे, त्यासाठी पुढील सत्रात पुढील सोय मिळावी. मग मागण्या: शिकवायच्या पेपरचे नाव सत्रापूर्वी किमान एक महिना लेखी कळावे, आठवड्याला एक शंकानिरसन-तास लेक्चरच्याच दराने मानधनात धरावा, सीसीईच्या उत्तरपत्रिकांना प्रतिपुस्तिका दर ठरवावा, ग्रंथालयाचे कार्ड आणि स्टाफरूममध्ये एक खण मिळावा. चारही मिळणार नाहीत. कार्ड आणि खण बहुधा मिळतील कारण त्याला पैसे लागत नाहीत. पेपरचे नाव आधी कळवण्यालाही पैसे लागत नाहीत, पण विभागप्रमुखाला वेळेवर विचार करावा लागतो, म्हणून तिथे पाठपुरावा लागेल. पैशांच्या दोन्ही मागण्यांना नकार आला, तरी अर्जाची पोच जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा ‘उपलब्धता’ कमी भरली, तर ती मागितली कोणी आणि नाकारली कोणी, हे कागदावर असेल.

कागदांचे निघालेच आहे, तर आणखी दोन गोष्टी. दर सत्राचे नियुक्तिपत्र आणि सत्राअखेरचे अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या, ज्यात विषय, वर्ग, तारखा आणि लेक्चर्सची संख्या असेल; ‘कार्य संतोषजनक रहा’ एवढ्यावर समाधान मानू नका. दुसरे, आयकराच्या संकेतस्थळावर आपला २६ एएस, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराचा तक्ता पाहा. महाविद्यालय आपले मानधन पगार म्हणून दाखवते की व्यावसायिक शुल्क म्हणून, हे तिथे कळते. व्यावसायिक शुल्क दाखवून दहा टक्के कापले जात असतील, तर आपल्या उत्पन्नावर ती रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते. कित्येक शिक्षिका ती वर्षानुवर्षे सोडून देतात. आणि संस्था आपल्याला कर्मचारी मानतच नाही, म्हणूनच भविष्यनिर्वाह निधीचा विषय कधी निघत नाही, हेही त्याच तक्त्यावरून लक्षात येईल.

न्यायालयाच्या वाटेबद्दल आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी आपल्याला सांगेलच, म्हणून थोडे लिहितो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीतील किमान वेतन द्यावे, असा आदेश दिला, आणि समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणत राहून शिक्षकांना असे वागवणे योग्य नाही, अशा आशयाची कानउघाडणीही केली. पण ती दोन्ही प्रकरणे सरकारी सेवेची आहेत. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात आठवड्याला नऊ लेक्चर्स घेणाऱ्या शिक्षिकेने या निकालांवर भिस्त ठेवावी, असे मी सांगणार नाही.

आता दुसरा प्रश्न. एक कटू गोष्ट आधी सांगतो, कारण ती सात वर्षांत आपल्याला कोणी सांगितली नसावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे हंगामी किंवा कंत्राटी सेवा पुढे बढतीसाठी किंवा वरच्या पदावरील थेट नियुक्तीसाठी जमेस धरायची, तर त्या काळात मिळालेले एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे, अशी अट आहे. लेक्चरच्या मानधनावर ती अट पुरी होणे शक्य नाही. (त्याच नियमावलीत कंत्राटी नियुक्त्या एकूण पदांच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असेही लिहिले आहे, त्याचे काय झाले ते आपण रोज पाहता.) म्हणजे आठवे, नववे, दहावे वर्ष याच पद्धतीने काढल्याने आपली पायरी आपोआप वर सरकणार नाही. सेट उत्तीर्ण असल्यामुळे सहायक प्राध्यापकपदाच्या परीक्षेला बसण्याची पात्रता मात्र आपल्याकडे आजही आहे, आणि २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपण सध्या तासाला १२४ रुपयांना विकता आहात.

म्हणून माझा सल्ला असा की, सगळे सोडू नये, अर्धे सोडावे. दुपारचे, २५० रुपयांचे कॉलेज या सत्राअखेर सोडा. सत्राच्या मध्यात नको, कारण त्यात मुलांचे नुकसान आहे आणि अनुभव प्रमाणपत्र अडते. आठवड्याला १,७५० रुपये कमी होतील, पण सात लेक्चर्स, त्यांची तयारी आणि स्कूटरवरचा तो पाऊण तास मोकळा होईल. सकाळच्या कॉलेजातली मुले आपल्याला विषयाच्या ज्ञानासाठी ४.२ देत आहेत. तिथे एक वर्ष, मागितलेल्या सोयींसह किंवा त्यांच्याशिवाय, पण दुसरीकडे धावायचे नसताना शिकवून पाहा. मग जो आकडा येईल, त्यावर स्वतःबद्दल मत बनवा.

सासऱ्यांच्या म्हणण्याचा राग धरू नका. त्यांना सुनेची दगदग दिसते आणि हातात येणारी रक्कमही दिसते, आणि त्या दोन्हींचा मेळ त्यांना लागत नाही. तो कोणालाच लागणार नाही. ट्यूशन हा कमीपणाचा व्यवसाय नाही, भंवरकुआँ परिसरात अर्धे शहर त्यावर चालते. बारावीच्या चार-पाच मुलांची संध्याकाळची एक बॅच घरी घेतली, तर दुपारच्या कॉलेजची तूट भरून निघेल आणि बाबांचाही मान राहील. मात्र कॉलेज पूर्ण सोडून फक्त ट्यूशनवर जायचे असेल, तर तो निर्णय परीक्षेची एक फेरी देऊन झाल्यावर घ्या, मीटिंगमधल्या एका वाक्यावरून नको.

नवे सत्र जुलैत सुरू होते आणि वेळापत्रक जूनमध्ये ठरते. तेव्हा प्राचार्यांकडचा अर्ज मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आधी विभागप्रमुखांना तोंडी कल्पना द्या. त्यांना डावलून वर गेल्याचा ठपका आपल्यावर येता कामा नये.